आधी ईमेल, मग बाकी सगळं

संगणकाची आणि खासगी माहितीची सुरक्षा एकदा नीट लावून घ्यायची असं ठरवल्यावर मी पहिलं काम केलं ते कागदावर. माझी जितकी ऑनलाइन खाती आठवली तितकी एका मोठ्या कागदावर लिहून काढली: ईमेल, बँक, विमा, फोटो साठवायची जागा, खरेदीच्या साइट्स, ऑफिसचं लॉगिन, आणि कधीतरी एकाच कामासाठी उघडून विसरलेली किरकोळ खाती. मग प्रत्येक खात्याला एकच प्रश्न विचारला. याचा पासवर्ड विसरला, तर नवा ठरवायची लिंक कुठे येते? जिथे येते तिकडे बाण काढला.

जवळजवळ सगळे बाण एकाच जागी येऊन टेकले, माझ्या जुन्या ईमेल खात्यावर. त्या खात्याचा बाण मोबाइल नंबरकडे गेला. आणि मोबाइल नंबरचा बाण गेला फोन कंपनीच्या मदतकक्षात बसलेल्या अनोळखी माणसाकडे, जो दोन-चार प्रश्न विचारून त्याच नंबरचं नवं सिम देऊ शकतो. तोपर्यंत सुरक्षा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अँटिव्हायरस यायचा. कागद बघून लक्षात आलं की फोटोंच्या किंवा खरेदीच्या खात्याला कितीही भक्कम पासवर्ड ठेवला, तरी ज्याच्या हातात माझं ईमेल खातं पडेल त्याला तो माहीत असायची गरजच नाही. तो नवा पासवर्ड ठरवून सरळ आत जाईल.

या कामाला निमित्त झालं एका ऑनलाइन सेवेकडून आलेल्या पत्राचं. त्यांच्या यंत्रणेत कोणीतरी शिरलं होतं आणि वापरकर्त्यांची नावं, ईमेल पत्ते आणि 'हॅश केलेले पासवर्ड' बाहेर गेले होते. काळजीचं कारण नाही, असा पत्राचा एकंदर सूर होता. हॅश म्हणजे नेमकं काय हे मी समजून घेतलं, आणि त्या सुरावर विश्वास बसेना.

जबाबदार साइट तुमचा पासवर्ड आहे तसा साठवत नाही. त्यावर एक गणिती प्रक्रिया करते आणि निघालेली ठरावीक लांबीची अक्षरमाळ साठवते. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा पुन्हा गहू होत नाही, तसं त्या माळेवरून मूळ पासवर्ड काढता येत नाही. पण चोराला उलटं जायची गरज नसते. तो लोकांचे नेहमीचे पासवर्ड, शब्दकोशातले शब्द, नावं आणि जन्मसालं यांच्या जोड्या घेतो, त्यांच्यावर तीच प्रक्रिया करतो आणि येणारी माळ चोरलेल्या माळांशी जुळवून बघतो. लिंक्डइनमधून २०१२ साली पासवर्ड चोरीला गेले तेव्हा ते एसएचए-१ या झटपट चालणाऱ्या पद्धतीने हॅश केलेले होते. शिवाय त्यात 'सॉल्ट', म्हणजे प्रत्येक खात्यासाठी वेगळा मिसळायचा थोडा अर्थहीन मजकूर, घातलेला नव्हता. त्यामुळे ज्यांचे पासवर्ड सारखे त्यांच्या माळाही सारख्या, आणि एकाचा सापडला की सगळ्यांचा सापडला. सुरुवातीला सुमारे ६५ लाख पासवर्ड बाहेर आलेले दिसले होते. २०१६ मध्ये त्याच चोरीतल्या ११ कोटींहून अधिक खात्यांची माहिती विक्रीला आली.

चार वर्षं जुने पासवर्ड कोण विकत घेणार, असं वाटू शकतं. घेतात, कारण माणसं तोच पासवर्ड दुसरीकडे वापरतात. ईमेल आणि पासवर्डच्या चोरलेल्या जोड्या एकामागून एक दुसऱ्या साइट्सवर लावून बघणारे प्रोग्राम असतात; त्यांना ना घाई असते ना कंटाळा. एखाद्या किरकोळ साइटवरची चोरी बँकेपर्यंत पोचते ती अशी.

ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर मी माझा ईमेल पत्ता तपासला. कुठल्या कुठल्या चोरीत तो पत्ता बाहेर गेला आहे, त्याची यादी समोर आली. याच साइटवर पासवर्डही तपासता येतो. आधी मी बिचकले, कारण आपला पासवर्ड परक्या साइटवर टाइप करणं म्हणजे आपणच आगीत हात घालणं. पण तिची रचना वाचली आणि धीर आला. पासवर्डचा हॅश आपल्याच ब्राउझरमध्ये तयार होतो, आणि साइटकडे त्याची फक्त पहिली पाच अक्षरं जातात. त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे चोरीतले सगळे हॅश साइट परत पाठवते, आणि आपला त्यात आहे का हे आपल्याच संगणकावर तपासलं जातं. साइटला आपला पासवर्ड कळतच नाही. एवढ्या विचाराने केलेलं काम बघितलं की मला मनापासून आदर वाटतो.

कागदावरच्या बाणांमागचं वास्तव कळायला मॅट होनन या अमेरिकन पत्रकाराचं २०१२ सालचं प्रकरण उपयोगी पडलं. त्याने स्वतःच ते सविस्तर लिहिलं होतं. हल्लेखोरांना हवं होतं फक्त त्याचं तीन अक्षरी ट्विटर खातं. त्यासाठी त्यांनी ॲमेझॉनच्या मदतकक्षाला फोन करून त्याच्या खात्यात आधी एक नवं कार्ड जोडलं, मग पुन्हा फोन करून त्याच कार्डाच्या आधारे खात्यात शिरकाव मिळवला. तिथे त्याच्या खऱ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे दिसत होते. ॲपलचा मदतकक्ष त्या वेळी ओळख पटवायला तेच चार आकडे आणि बिलाचा पत्ता विचारत असे. ॲपलचं खातं हाती आलं, त्यातून जीमेल, जीमेलमधून ट्विटर. जाता जाता त्यांनी त्याचा आयफोन, आयपॅड आणि मॅकबुक दुरून पुसून टाकले. मुलीच्या पहिल्या वर्षातले फोटो त्या मॅकबुकवर होते आणि त्यांचा बॅकअप नव्हता. या साखळीत कुठेही पासवर्ड फोडलेला नाही, व्हायरस नाही. एका कंपनीने जे चार आकडे बिनमहत्त्वाचे म्हणून उघडे ठेवले, तेच दुसरीने ओळखीचा पुरावा मानले.

म्हणून माझ्या कामाचा क्रम ठरला: ज्या खात्याकडे सगळ्यात जास्त बाण जातात तिथून सुरुवात. ईमेल आधी, मग बाकी सगळं.

ईमेल खात्याचा पासवर्ड बदलणं हा सोपा भाग. त्याआधी मी सेटिंगमधली दोन पानं उघडली, जी सहसा कोणी उघडत नाही. एक, मेल आपोआप पुढे पाठवायचे नियम. खात्यात एकदा शिरलेला माणूस तिथे गुपचूप एक नियम लिहून ठेवू शकतो की अमुक शब्द असलेला मेल दुसऱ्या पत्त्यावर पाठव आणि इथून काढून टाक. मग तुम्ही पासवर्ड बदलला तरी तुमचा मेल त्याच्याकडे जातच राहतो. दुसरं पान, या खात्यात शिरायची परवानगी असलेली ॲप्स आणि सध्या लॉगिन असलेली उपकरणं. नियम कुठलाही नव्हता. पण दुसऱ्या पानावर जुना फोन होता, केव्हाच बंद पडलेलं एक कॅलेंडरचं ॲप होतं, आणि एक खेळ होता ज्याला माझे संपर्क वाचायची मुभा होती. सगळ्यांची परवानगी काढली, सगळीकडून लॉगआउट केलं, आणि मगच पासवर्डकडे वळले.

पासवर्डबद्दल आपल्या डोक्यात जे बसलेलं आहे, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह आणि दर काही महिन्यांनी बदल, ते बरंचसं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरलं. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्यातल्या बऱ्याचशा सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. सक्तीने बदलायला लावलं की माणसं शेवटचा आकडा एकने वाढवतात, आणि ते चोरालाही ठाऊक असतं. त्याच वर्षी आलेल्या एनआयएसटीच्या नव्या मार्गदर्शिकेने लांबीला महत्त्व दिलं, आणि चोरी झाल्याचा पुरावा नसताना उगाच पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं.

लांब, तरी लक्षात राहणारा आणि खरोखर यादृच्छिक पासवर्ड काढायचा तर फासे हा सगळ्यात प्रामाणिक मार्ग आहे. आर्नल्ड राइनहोल्ड यांची 'डाइसवेअर' ही पद्धत १९९५ पासूनची. पाच वेळा फासा टाकायचा, आलेले पाच आकडे ओळीने लिहायचे, आणि यादीत त्या क्रमांकापुढे जो शब्द असेल तो घ्यायचा. यादीत शब्द असतात ७,७७६, म्हणजे सहाचा पाचवा घात. असे सहा शब्द ओळीने घेतले तर शक्यतांचा आकडा होतो २ पुढे २३ शून्यं यांच्याही वर. यात एक पथ्य कसोशीने पाळावं लागतं: आलेला शब्द आवडला नाही म्हणून फासा परत टाकायचा नाही. माणसाची आवड मध्ये आली की अंदाज बांधणं सोपं होतं. माझ्या वाट्याला एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले शब्द आले. त्यांच्यातून एक विचित्र चित्र मनात उभं राहिलं, आणि आता ते पुसू म्हटलं तरी पुसलं जात नाही.

असा एकच पासवर्ड मी पाठ केला, पासवर्ड मॅनेजरचा, म्हणजे बाकीचे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत ठेवणाऱ्या ॲपचा. बाकीचे सगळे मॅनेजरने तयार केलेले, लांबलचक, ज्यांतला एकही मला माहीत नाही. सगळं एकाच ठिकाणी ठेवायचं का, ही शंका रास्त आहे. लास्टपास या सेवेतून २०२२ मध्ये ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या होत्या. तिजोरीतले पासवर्ड कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात होते, पण कोणत्या साइट्सवर खाती आहेत ते पत्ते उघडेच होते. ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा होता, त्यांच्या तिजोऱ्यांवर चोरांना हवा तितका वेळ प्रयत्न करता येणार होता. हे सगळं वाचूनही मी मॅनेजरच निवडला. माणसाच्या डोक्यात शेकडो वेगवेगळे पासवर्ड मावत नाहीत, आणि मॅनेजर नसेल तर तो तीन-चारच आलटून पालटून वापरतो, हे सत्य आहे. फक्त मुख्य पासवर्ड फाशांनीच काढायचा, हे त्या प्रकरणाने पक्कं केलं.

आईला मात्र हे मानवलं नाही. "अगं, एवढं मोठं वाक्य मी रोज टाकत बसू? त्यापेक्षा मी वहीत लिहून ठेवते," ती म्हणाली. पासवर्ड कुठेही लिहू नका, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. मी तिच्याशी वाद घालायला बसले आणि विचार करता करता तिच्याच बाजूला गेले. कपाटातल्या वहीपर्यंत पोचायला चोराला घरात यावं लागतं. दुसऱ्या खंडात बसून लाखो खाती चाळणाऱ्याला त्या वहीचा काही उपयोग नाही. घरातल्याच कोणापासून धोका असेल, सतत प्रवास असेल, तर गोष्ट वेगळी. आईच्या बाबतीत वही आणि प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, हे एकच पासवर्ड सगळीकडे ठेवण्यापेक्षा कितीतरी बरं. तिची वही आता आहे, सुवाच्य अक्षरात, तारखांसकट.

दुसरा टप्पा म्हणजे पासवर्डच्या जोडीला दुसरा पुरावा. एसएमएसने येणारा ओटीपी नसण्यापेक्षा बरा, पण कागदावर तो बाण फोन कंपनीच्या मदतकक्षाकडे जात होता. कोणी माझ्या नावाने सिम काढलं तर ओटीपी त्याच्याकडे जाणार. म्हणून जिथे शक्य होतं तिथे कोड तयार करणारं ॲप लावलं. सुरुवातीला जो चौकोनी क्यूआर कोड स्कॅन करतो त्यात एक गुप्त आकडा असतो. तो आपल्या फोनमध्ये आणि साइटकडे, दोन्हीकडे साठतो. मग दोन्ही बाजू तो आकडा आणि घड्याळातली वेळ यांवर तेच गणित करतात, आणि दर ३० सेकंदांनी तेच सहा आकडे निघतात. नेटवर्क नसलं तरी चालतं, कारण संदेश कुठून येतच नाही.

मात्र यालाही एक खिंडार आहे. बनावट साइटवर आपण पासवर्ड आणि कोड टाकला, आणि तिने तो त्याच क्षणी खऱ्या साइटवर लावला, तर ३० सेकंद पुरेसे असतात. हे काम आपोआप करणारी तयार साधनं चोरांकडे आहेत. म्हणून ईमेल खात्यासाठी मी पासकी घेतली. २०१९ मध्ये वेबऑथन हे वेबचं अधिकृत मानक झालं, पासकी त्याच्यावर उभी आहे. आपल्या उपकरणात एक खासगी किल्ली असते, साइटकडे तिची फक्त सार्वजनिक जोडीदार असते, आणि ही जोडी त्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्त्यात एक अक्षर जरी वेगळं असेल तरी ब्राउझर किल्ली पुढे करत नाही. घाईत, थकलेली, अर्धवट झोपेत असले तरी मला फसवून ती काढून घेता येत नाही. मला हा आजवरच्या उपायांतला सगळ्यात माणुसकीचा उपाय वाटतो, कारण तो माणसाने सतत सावध राहावं अशी अपेक्षाच ठेवत नाही.

याच टप्प्यावर दुसरी बाजू सांभाळावी लागते: फोन हरवला तर मीच बाहेर राहीन. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या खात्याचे एकदाच चालणारे रिकव्हरी कोड छापून घेतले. एक प्रत घरातल्या कागदपत्रांत, दुसरी दादाकडे बंद पाकिटात. ईमेलला दुसरी पासकी वेगळ्या उपकरणावर केली. आणि ते बसवल्याक्षणी, फोन बाजूला ठेवून, त्याच्याशिवाय आत जाता येतं का हे करून बघितलं.

फिशिंग, म्हणजे खोट्या मेल-संदेशांनी फसवून माहिती काढून घेणं, ओळखण्याचा सराव मी घरच्यांबरोबर केला, आलेला एक मेल समोर ठेवून. बँकेचं चिन्ह, व्यवस्थित मजकूर, 'आपले खाते २४ तासांत बंद होईल'. पूर्वी अशुद्ध भाषेवरून खोटा मेल ओळखता यायचा. आता भाषा निर्दोष असते, त्या खुणेचा भरवसा धरायला नको. पाहायचा तो पत्ता. मेलमधल्या लिंकचा घाट साधारण असा होता: 'तुमचीबँक डॉट कॉम डॉट खाते-पडताळणी डॉट नेट', मग तिरकी रेघ, मग 'लॉगिन'. आईने पहिले दोन शब्द वाचले आणि म्हणाली, "आपलीच बँक आहे की." पत्ता वाचायचा उलट्या बाजूने. सुरुवातीला 'https://' असेल तर ते सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिथून मागे यायचं. रेघेच्या लगेच मागे काय आहे? 'खाते-पडताळणी डॉट नेट'. तोच खरा मालक. त्याच्या डावीकडे तो मनाला येईल ते नाव लिहू शकतो, तुमच्या बँकेचंही. आईने मग फोनवरचे दोन-तीन जुने संदेश काढून त्यांच्यावर हाच प्रयोग केला.

पत्त्याशेजारच्या कुलपाबद्दलही बोलणं झालं. ते कुलूप सांगतं एवढंच की मधल्या वाटेवर कोणी वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही. कूटबद्ध जोडणीचं प्रमाणपत्र आज फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, ठगालाही. कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, हा लोकांचा गैरसमज पाहूनच क्रोमने २०२३ मध्ये ते कुलपाचं चिन्ह काढून टाकलं. आमच्या घरचा नियम त्यातून ठरला: पैशाचा किंवा पासवर्डचा मामला असेल तर आलेल्या लिंकवर जायचंच नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा. आणि आवाजाची हुबेहूब नक्कल आता करता येते म्हणून, कोणी घरच्याच आवाजात घाबरून पैसे मागितले तर विचारायचा एक शब्द आम्ही आपसांत ठरवला. तो कुठेही लिहिलेला नाही.

अपडेटवरून दादाशी खडाजंगी झाली. त्याच्या संगणकावर विंडोज १० होतं, ज्याचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. "चालतंय ना व्यवस्थित? मग कशाला हात लावायचा?" त्याला मी वॉनाक्राय या, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामच्या तारखा सांगितल्या. विंडोजमधली ती त्रुटी बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिलं होतं. वॉनाक्राय पसरला १२ मे रोजी. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. तरी दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याने कुलूपबंद केले आणि ब्रिटनच्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्यासाठी कोणाला कुठल्या लिंकवर क्लिक करावं लागलं नव्हतं. तो नेटवर्कवरून स्वतःच पुढच्या संगणकात जात होता. अपडेट बाहेर येतं तेव्हा त्रुटी नेमकी कुठे होती हे चोरांनाही कळतं, म्हणून अपडेट आल्यानंतरचा काळ हा न घेणाऱ्यासाठी सगळ्यात धोक्याचा. दादाने संगणक बदलला नाही. त्यावर लिनक्स टाकून घेतलं, आणि बँकेचं काम त्यावर करायचं नाही असंही कबूल केलं, जे खरं तर आता आवश्यक नव्हतं.

राउटरचं काम थोडक्यात उरकलं: कारखान्यातून आलेला ॲडमिन पासवर्ड बदलला, फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत केलं, दुरून नियंत्रण बंद केलं. २०१६ मधल्या मिराय या बॉटनेटने, म्हणजे चोरांनी ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या फौजेने, असे कारखान्याचेच पासवर्ड लावून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. डब्ल्यूपीएस ही आठ आकडी पिनने उपकरणं वायफायला जोडायची सोयही बंद केली. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात, पण पडताळणी दोन तुकड्यांत होते आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो. म्हणजे १०,००० आणि १,०००, मिळून फक्त ११,००० प्रयत्न. हे २०११ मध्ये उघड झालं, तरी ती सोय आजही बऱ्याच राउटरवर असते.

बॅकअपवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. नियम जुना आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. रॅन्समवेअरच्या, म्हणजे वॉनाक्रायसारख्या खंडणीखोर प्रोग्रामच्या, काळात त्यात भर घालावी लागते की एक प्रत कायम तारेपासून सुटी हवी. जोडलेली डिस्क संगणकाबरोबरच कूटबद्ध होते. मेर्स्क या जहाज कंपनीवर जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा डेटा नष्ट करणारा प्रोग्राम कोसळला, तेव्हा तिच्या नेटवर्कचा गाभा सांभाळणारे सगळे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले होते आणि एकदमच गेले. वाचला तो घानामधला एक, कारण त्या वेळी तिथे वीज गेलेली होती. एवढी मोठी कंपनी त्या एका प्रतीवरून पुन्हा उभी करावी लागली.

बॅकअप घेणं आणि तो परत उतरवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून मी एक रिकामी डिस्क घेतली आणि माझा संगणक गेलाच आहे असं धरून सगळं परत उतरवलं. दस्तऐवज आले. फोटोंचे फोल्डर आले, नावंही बरोबर होती. एक जुना फोटो उघडला तर उघडेना. फाइलचा आकार पाहिला तर जवळजवळ शून्य. झालं होतं असं की ऑनलाइन साठवणीचं ॲप डिस्कवरची जागा वाचवण्यासाठी जुने फोटो फक्त कंपनीच्या सर्व्हरवर ठेवत होतं आणि संगणकावर त्यांची खूण तेवढी सोडत होतं. बॅकअप प्रोग्रामने इमानदारीने त्या खुणांचाच बॅकअप घेतला होता. पाहताना फाइल तिथेच दिसते, क्लिक केलं की इंटरनेटवरून झटकन येते, त्यामुळे रोजच्या वापरात हे कोणाच्या लक्षात येणं कठीण. सेटिंगमध्ये 'सगळ्या मूळ फाइल या संगणकावर ठेवा' असा पर्याय असतो. तो लावला, सगळे फोटो उतरू दिले, नव्याने बॅकअप घेतला आणि पुन्हा उतरवून पाहिला. त्याच निमित्ताने हेही ध्यानात आलं की सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: एका उपकरणावर फाइल पुसली की सिंक ती दुसरीकडूनही तत्परतेने पुसतं.

डिस्क कूटबद्ध करणं, विंडोजवर बिटलॉकर आणि मॅकवर फाइलव्हॉल्ट, हे नंतर केलं, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बॅकअप, मग कूटबद्धता, आणि रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवलेली. त्या लांब किल्लीशिवाय डिस्क अडकली तर ती उघडून देऊ शकणारं जगात कोणी नाही, तुम्हीसुद्धा नाही.

ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम, चाळली तेव्हा बहुतेकांकडे 'सर्व साइट्सवरील तुमची माहिती वाचणे आणि बदलणे' ही परवानगी होती. यात बँकेचं पान येतंच. एखादं लोकप्रिय एक्स्टेन्शन मालक बदलून दुसऱ्याच्या हाती जातं, आणि पुढच्या अपडेटमध्ये त्याचं वागणं बदलतं. खरोखर लागतात तेवढी ठेवली. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही काढले. माहिती चोरणारे प्रोग्राम पहिला हात तिथेच घालतात, आणि लॉगिनच्या कुकीजही, म्हणजे आपण आधीच आत आहोत ही ब्राउझरमध्ये ठेवलेली खूणही, उचलतात. तशी कुकी मिळाली तर पासवर्ड आणि कोड दोन्ही न देता आत जाता येतं. काम झालं की महत्त्वाच्या साइटवरून लॉगआउट करायची सवय मी त्यानंतर लावून घेतली. सुरक्षा प्रश्नांची उत्तरंही बदलली. आईचं माहेरचं आडनाव ही गुप्त गोष्ट नव्हेच, म्हणून तिथे आता मॅनेजरने बनवलेली अर्थहीन अक्षरं आहेत.

कागदावरची बरीच खाती मी बंद केली. जी माहिती साठवलेलीच नाही ती चोरीला जात नाही, आणि कुठल्याही उपायापेक्षा हा उपाय मला अधिक पक्का वाटतो. मात्र यासाठी चिकाटी लागली. काही साइट्सवर 'खाते बंद करा' हे बटण पाचव्या पानाखाली होतं, काहींवर नव्हतंच. जिथे नव्हतं तिथे आधी पत्ता, जन्मतारीख, फोन अशी माहिती बदलून निरर्थक केली, साठवलेलं कार्ड काढलं, आणि मग पुसून टाकण्याबद्दल लेखी विनंती पाठवली.

नवा कागद काढला आहे. त्यावर बाण खूप कमी आहेत आणि ईमेलचा बाण आता मोबाइल नंबरकडे जात नाही. एका आर्थिक खात्याला अजून एसएमएसखेरीज दुसरा पुरावा चालत नाही. त्यामुळे फोन कंपनीकडे सिम बदलण्यावर वेगळा पिन लावून घेतला आहे, आणि त्या संस्थेला कोड ॲप किंवा पासकीची सोय द्या म्हणून पत्र लिहिलं आहे. ज्या सेवेच्या पत्रावरून हे सगळं सुरू झालं, तिच्याकडून खातं पुसल्याची पोच अजून यायची आहे. दुसरी विनंती पाठवली आहे.